पाणी सुटतं

ग्रिम्सबीच्या शाळेत सकाळी सव्वासातला
बटाट्यांना भोकं पाडायचं काम माझ्याकडे असतं.
पितळी नळी दाबायची, फिरवायची, सळईनं ढकलायचं,
की बाहेर येतो पांढरा, ओला, करंगळीएवढा दंड.
साठ हवेत. साल नको. प्रत्येकी चार सेंटिमीटर.
खिडकीला वारा, हंबरच्या मुखाकडून, बोचरा,
त्याला माशांच्या गोदीचा वास.

माझ्या हुद्द्यात शिकवणं येत नाही.
धुणं, मोजणं, लेबलं लावणं,
फुटलेल्या काचेची नोंद ठेवणं येतं.
शिकवतात मिस्टर थॉर्नलो.
मी साखरेचं पाणी करते,
शून्यापासून एक मोलरपर्यंत, सहा चंचुपात्रं,
आणि कुणी चाखू नये म्हणून एक पाटी.

ते फळ्यावर निवडक्षम पारपटल काढतात,
तुटक तुटक रेष, मधून आरपार बाण.
मला हे माहीत होतं सोलापूरच्या ओट्यापाशी,
शब्द यायच्या आधी. मोठी काकू ओरडायची,
"काकडीला आत्ताच मीठ लावू नकोस गं,
पाणी सुटेल!"
एवढंच.
पुढे विद्यापीठात त्याला परासरण म्हणाले
आणि दोन वर्षं माझ्याकडून घोकून घेतलं.

तिसऱ्या तासाला दहावी.
साध्या पाण्यातले दंड फुगून ताठ झालेले,
मोडले की कट्कन वाजणारे.
घट्ट पाकातले इतके मऊ
की बोटाला गुंडाळता यावेत.
पोरांनी गुंडाळले. एकानं मिशा केल्या.

टिली ब्लँचर्डचा दंड मात्र
आधी दोन पूर्णांक एक्केचाळीस ग्रॅम,
नंतरही दोन पूर्णांक एक्केचाळीस.
तिनं तीनदा टिपून तराजूवर ठेवला.
"काहीच झालं नाही, मिस. माझा बिघडला."
वहीत शून्य काढलं आणि गिरवत बसली
कागद फाटेपर्यंत.

थॉर्नलो मिशांच्या बंदोबस्तात होते.
मी नुसते ट्रे उचलायला आलेली.
म्हटलं, "बिघडला नाही.
आत्ता या घटकेला जेवढं पाणी आत शिरतंय
तेवढंच बाहेर पडतंय.
काटा हलत नाही
म्हणून दार बंद असतं असं नाही."

ती जरा वेळ दंडाकडे बघत राहिली.
"आजोबा धुराड्यावर कामाला होते.
म्हणायचे, हॅडक खारवला की आधी घामेजतो,
मगच धूर धरतो."
"तेच हे," मी म्हटलं, "अगदी तेच.
विचार त्यांना."
"नोव्हेंबरात गेले."

तराजूच्या काचेवर तिच्या श्वासाचं धुकं.
मी कागदी रुमाल पुढे केला,
तराजू पुसायला,
किंवा कशालाही.

परतीच्या बसमध्ये वाटलं, आपोआप वाहतं
ते धड्याच्या पहिल्या पानावरच.
पान उलटलं की पंप येतो, चढावर ढकलणारा:
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
तीन बाहेर, दोन आत,
आपण झोपलेलो असतानाही,
खेपेखेपेला रोख मोजून.
तो थांबला तर पेशी फुगून फुटतील.
मी उगाच माणसं मोजायला घेतली,
घरातून गेलेली, घरात आलेली.
हिशोब जुळेना.
स्टॉप आला.

कोटाच्या खिशात टिलीचा दंड निघाला,
टिपकागदात गुंडाळलेला, कडांना काळपट.
केव्हा ठेवला, आठवत नाही.
आता वजन नक्की उतरलं असणार.

श्रीरंगची पाळी नऊला सुटते, शीतगृहातून.
काकडी चोचवून ठेवली, कूट घातलं,
मीठ वाटीत वेगळं.
तो आला, बूट काढले, हात चोळत बसला.
"घालू?"
"घाल आता."

पानात वाढेपर्यंतच काय तो वेळ गेला.
तरी तळाशी
पाणी आलंच.